निळेमामूंची भट्टी

निळेमामू रिकाम्या खोलीला सलाम करायचे. बंद खोलीचं दार उघडायचं, उंबऱ्याबाहेरच थांबायचं, "अस्सलाम आलेकुम" म्हणायचं आणि उत्तराची वाट बघत राहायचं. मग चपला काढून गुडघे टेकायचे, दोन्ही तळवे फरशीवर ठेवायचे आणि जमिनीला नाक लावायचं. दिव्याच्या बटणाला हात नाही, पंख्याच्या नाही, मोबाइलसुद्धा बाहेर गाडीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी आडवं पडलंय आणि म्हातारा त्याचा श्वास चालू आहे का ते बघतोय. "पडलेलाच असतो तो," मामू म्हणायचे. "सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. तो उभा राहत नाय, खाली निजतो. निजलेल्याला अदबीनं उठवावं. दिवा लावून उठवलास तर तो घर घेऊन उठतो."

मामू मूळचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. मस्कतमध्ये गॅसची जोडणी आणि दुरुस्ती करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. वादी कबीरला त्यांचं वर्कशॉप आणि आमचं एसीचं वर्कशॉप यांच्यात एकच पत्र्याची भिंत होती, तरी ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "ए एसीवाल्या" एवढंच. नाक मात्र असं होतं, की सिग्नलला मामूंची गाडी थांबली तरी नाक पिवळ्यातच पुढे निघून जायचं. वादी कबीरला बसून ते सांगत, की हमरियात आज कुणाकडे सुरमई तळतायत आणि तेल परवाचं आहे. मी एकदा जाऊन खात्री केली. सुरमई होती. तेल परवाचं नव्हतं, तेरवाचं होतं, पण एवढ्या अंतरावरून एक दिवस इकडे तिकडे चालायचंच.

निळेमामू हे नाव पडलं ते त्यांच्या प्रश्नामुळे. लोक भेटल्यावर तब्येत विचारतात, मामू विचारायचे, "निळी का पिवळी?" शेगडीची ज्योत. निळी असली तर सगळं ठीक. पिवळी असली तर मामू जेवणाचं ताट सोडून उठायचे. लग्नाला गेले तर आधी नवरा-नवरी नव्हे, आधी बिर्याणीच्या चुली. कुणी नवीन माणूस त्या प्रश्नानं गोंधळून बायकोच्या साडीचा रंग सांगायचा, आणि मामू गंभीरपणे म्हणायचे, "तिला हवा कमी पडतेय. खिडकी उघडा."

काडी ओढून गळती शोधणाऱ्या फिटरचा त्यांना भयंकर राग. त्यांच्याजवळ एक दाढीचा ब्रश आणि साबणाच्या पाण्याची बाटली असायची. प्रत्येक सांध्याला आधी फेस, मग दहा मिनिटं उकिडवं बसून नुसतं बघणं. "माणूस खोटं बोलतो, मीटर बिघडतो," ते म्हणत, "पण साबणाला खोटं बोलता येत नाय. गळलं की फुगा येतोच."

अशा या नाकाच्या बादशहाला जगात एकाच गोष्टीची भीती होती. तिचं नाव ते घेत नसत. "बिनवासाचा" म्हणत. भट्टी नीट जळली नाही की जो विषारी वायू बनतो, तो. त्याला वास नाही, रंग नाही. "वास येतो तो दोस्त. दारात उभा राहून ओरडतो तरी," मामू म्हणाले होते. "बिनवासाचा पाहुण्यासारखा येतो. बाजूला बसतो. तुला झोप आली की तुझ्याआधी दिवा मालवतो." हे सांगताना ते पत्र्याच्या भिंतीकडे असे बघत, की मीही वळून बघायचो.

आता त्या डोंगरावरच्या घराची गोष्ट. ती मी कधीच वाढवून सांगत नाही. वाढवायला तिच्यात जागाच नाही.

जबल अखदरवर, दोन हजार मीटर उंचीवर, आमच्या एका अर्बाबनं, म्हणजे ओमानी मालकानं, आईसाठी घर बांधलं होतं. ओमानात थंडी म्हटलं की लोक हसतात. पण तिथे जानेवारीत नळाचं पाणी गोठतं. अर्बाब परदेशात शिकलेला. तिथल्यासारखी गॅसची मोठी भट्टी त्यानं घरात बसवून घेतली: एका लहान खोलीत भट्टी जळणार आणि गरम हवा पत्र्याच्या नळकांड्यांतून घरभर फिरणार. भट्टी बसवली मामूंनी. पुढच्या उन्हाळ्यात त्याच नळकांड्यांना एसी जोडायला गेलो तो मी.

त्या घरात दोघीच राहत. अर्बाबची आई, जिला सगळे हज्जा म्हणत, आणि तिची काळजी घेणारी फिलूबाई. फिलूबाई आपली वसईची. डिसेंबरात तिचा मला फोन आला.

"भाऊ, मामूंना घेऊन या. जेजूची आण, या घरात कोणतरी आहे."

"कोण आहे?"

"पाठ दिसते. पॅसेजमधून जाते. हज्जाची मेलेली बहीण रोज तिच्या पलंगावर येऊन बसते. आमचा बुलबुल पिंजऱ्यात मरून पडला. माझं डोकं सकाळपासून पिळतंय. अर्बाब म्हणतो जिन आहे, भट्टीवाल्यानं भट्टी बसवताना नीट नाही केलं काहीतरी. शुक्रवारी मात्र काहीच येत नाही. शुक्रवार पाक दिवस ना."

मी मामूंना सांगितलं आणि हसलो. मामू हसले नाहीत.

"शुक्रवारी घरात काय असतं?"

"अर्बाबचे नातेवाईक येतात. पाचपन्नास माणसं."

"म्हणजे दारं दिवसभर उघडी." त्यांनी माझ्याकडं न बघता फोन मागितला. "फिलू, ऐक. हज्जाला उचल आणि अंगणात घेऊन जा. आत्ता. चादर नको शोधूस. सगळी दारं उघडी टाक. भट्टीला हात लावू नको, बाहेरचा सिलिंडरचा कॉक बंद कर. मी निघालो."

एवढ्या वेगानं मामूंनी गाडी हाकली, की घाटाच्या तळाशी चेकपोस्टवर पोलिसानं फोर-व्हील आहे का म्हणून विचारलं तेव्हा आम्ही उत्तर दिलं ते वरच्या वळणावरून. वर धुकं होतं. भर दुपारी डाळिंबाची नागडी झाडं धुक्यातून एकेक करून पुढे येत होती आणि मागे जाऊन उभी राहत होती.

हज्जा अंगणात घोंगडीत बसली होती. तिच्या गालांवर लग्नातल्या नवरीसारखी लाली होती. बिनवासाचा रक्तात उतरला की अशी लाली येते; ती बघून मामूंचा चेहरा राखेसारखा झाला. "हिला दवाखान्यात ने," ते फिलूबाईला म्हणाले. "डॉक्टरला सांग, बंद घरात भट्टी होती. तूही तपासून घे." शेजाऱ्याची गाडी त्यांना घेऊन गेली. आम्ही दोघं उरलो, आणि ते घर.

मामूंनी उंबऱ्यावरून सलाम केला. तुम्हांला सांगतो, त्या दिवशी उत्तर येईल असं मला खरोखर वाटलं. माझ्या अंगावर काटा असा उभा राहिला, की शर्टाचं वरचं बटण तुटून उडालं. आत खिडक्यांच्या काचांना आतून घाम आला होता. ओघळ असे उतरले होते, जसं कुणी बोटं फिरवली असावीत. भट्टीच्या कपाळावर काळी काजळी. मामूंनी तासभर दारं उघडी ठेवली, मग म्हणाले, "आता एक मिनिट. फक्त एक. मी पळ म्हटलं की पळायचं."

फिलूबाईनं जिन घालवायला जिथे तिथे लोबानाची धुपाटणी ठेवली होती. त्यातलं एक मामूंनी उचललं, सिलिंडर चालू केला, भट्टी पेटवली, आम्ही आत असतानाच त्या लहान खोलीचं दार लावून घेतलं. ज्योत निळी लागली. मग तिच्या टोकाला पिवळं आलं. मग ती सगळीच पिवळी झाली आणि आळसावल्यासारखी डुलू लागली. मामूंनी धुपाटणं भट्टीच्या धुराड्याखाली धरलं. धूर वर खेचला जायला हवा होता. तो वर गेला, थांबला, आणि हळूहळू खाली वळला. तो आमच्याकडे आला, तो डोक्याएवढा, खांद्याएवढा होऊन. मी पाहिलेल्या सगळ्या माणसांपैकी तो कुणासारखा होता ते मी आजही सांगणार नाही.

"पळ."

बाहेर येऊन मामूंनी कॉक बंद केला आणि त्या लहान खोलीच्या दाराकडे बघत उभे राहिले. मीही बघितलं. दारात वर एक आणि खाली एक, अशी दोन जाळीची भोकं मामूंनी बसवताना पाडली होती. दोन्हींवर चंदेरी चिकटपट्टी होती. कोपरे सफाईनं दाबलेले, आतून फोम भरलेला. काम नीट होतं. माझंच होतं.

इथे माझी बाजू सांगायला हवी, जरी ती बाजू नाही. मस्कतमध्ये गार हवा विकून जगणाऱ्या आम्हां लोकांचा एकच धर्म: भोक दिसलं की बुजव. दाराखाली फट, भिंतीत चीर, काहीही असो, त्यातून गार हवा बाहेर गेली की आम्हांला दूध उतू गेल्यासारखं होतं. उन्हाळ्यात त्या दाराची दोन भोकं मला दिसली तेव्हा मनात एक विचारही आला नाही. हातानं आपोआप पट्टी चिकटवली.

"हे कुणी केलं?" मामूंनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"मी."

मला वाटलं थोबाडीत बसेल. ते हळूच म्हणाले, "आगही श्वास घेते रे. तू तिचं नाक दाबलंस. मग ती घरातल्यांचं दाबणार नाय तर काय करणार?" आणि मग, "काढ. स्वतःच्या हातानं काढ." मी पट्टी ओरबाडत होतो, नखांतून रक्त येत होतं, आणि ते मागे उभं राहून धुपाटणं धरून होते. भोकं मोकळी झाली, ज्योत पुन्हा पेटवली, निळी राहिली, आणि धूर आज्ञाधारक मुलासारखा धुराड्यात चढला. अर्बाबला त्यांनी एवढंच सांगितलं, "भट्टी गुदमरली होती. आता जिन गेला." माझं नाव नाही. पॅसेजमध्ये त्यांनी बिनवासाच्याला ओळखणारा अलार्मही बसवला.

हज्जा तीन दिवस ऑक्सिजनवर राहून परत आली. सगळं घर आनंदात होतं, ती सोडून. मामू तिच्यासमोर बसले होते तेव्हा ती अरबीत म्हणाली, "माझी बहीण येत नाही आता."

"हज्जा, ती तुला न्यायला येत होती."

"मला ठाऊक होतं," हज्जा म्हणाली. "तू ती भोकं परत बंद कर ना."

मामू तिच्या हातांकडे बघत राहिले.

पुढे दोन हिवाळे मामू स्वतः भट्टी तपासायला वर गेले. मग व्हिसा कॅन्सल करून गावी गेले, आणि सहा महिन्यांत बातमी आली. झोपेत गेले म्हणे. त्यांच्या घरातली खिडकी उघडी होती, एवढं मी मुद्दाम विचारून घेतलं.

त्या डिसेंबरात डोंगरावर मी एकटा गेलो. फिलूबाईला मामूंची खबर दिली आणि भट्टीच्या खोलीपाशी गेलो. दारातली दोन्ही भोकं बुजलेली. वरच्या भोकात हज्जाची काळी शाल, खालच्यात तिची जुनी चादर, दोन्ही घड्या घालून, मायेनं खोचलेल्या. पॅसेजमधला अलार्म जागेवर नव्हता. तो नंतर तिच्या कपाटात सापडला, कपड्यांत गुंडाळलेला. फिलूबाई ओरडली, "सकाळपर्यंत सगळं ठीक होतं, भाऊ!" मी दार उघडलं.

ज्योत निळी होती. टोकापर्यंत निळी.

मी फरशीवर आडवा झालो. भट्टीच्या मागे, बाहेरच्या भिंतीतून एक जाड नळी थेट ज्योतीपाशी आली होती. बाहेर जाऊन पाहिलं, तर टोकाला जाळी, तिला तारेचा दुहेरी वेढा. मी असली नळी तिथे कधी पाहिली नव्हती.

"ती मामूंनी शेवटच्या खेपेला बसवली," फिलूबाई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "मला म्हणाले, हज्जाला सांगू नकोस आणि त्या एसीवाल्यालाही सांगू नकोस. दोघं बुजवणारे हायत."

मी शाल आणि चादर काढून हज्जाकडे नेली, तिच्या मांडीवर ठेवली. तिनं लाज मानली नाही. कोवळ्या उन्हात बसून ती घडी उलगडत राहिली.

"तो लांब नाकाचा का नाही आला?"

"हज्जा, तो वारला."

तिचा चेहरा उजळला.

"मग आता दोघं येतील," ती म्हणाली, आणि शालीची पुन्हा घडी घालू लागली.

मी गाडीकडे गेलो, ड्रिल काढलं, आणि संध्याकाळपर्यंत भट्टीच्या खोलीला, हज्जाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच, चौथं भोक पाडलं.