मे यामो प्रल्हाद

सुजाताचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा घेत होतो. सुजाता म्हणजे प्रल्हादची थोरली लेक. "काका, बाबा गेले. झोपेतच गेले," एवढंच ती अकोल्याहून बोलली. त्याला आता महिना उलटून गेला. प्रल्हादच्या गव्हावरच्या संशोधनाबद्दल, मानसन्मानांबद्दल वर्तमानपत्रांत छापून आलं, ते सगळं खरंच आहे. पण माझ्यापाशी असलेला प्रल्हाद वानखडे त्या बातम्यांच्या फार आधीचा आहे. ज्याला स्वतःचं नाव सांगणं जड जायचं, तो.

अमरावतीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. माझे वडील गावातच वकिली करत. तो तेल्हाऱ्याहून येऊन वसतिगृहात राहिलेला. वडील नव्हते. आई कौसल्याबाई लोकांच्या शेतांत कापूस वेचून त्याला शिकवत होती. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आम्ही मॅट्रिकच्या वर्गात होतो. अभ्यासात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे. पण कुणी नवखा माणूस समोर आला आणि "काय रे, नाव काय तुझं?" म्हणाला, की याचा आवाज बसायचा. "प्रल्हाद" म्हटलं की "प्रल्हाद कोण?" हे यायचंच. मग कुठला, कोणाचा... त्या प्रश्नांची वाट शेवटी कुठे जाते हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पुढे अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात त्यात बोलीची भर पडली. वक्तृत्व स्पर्धेत तो "आमी वऱ्हाडातले पोट्टे" असं बोलून गेला, तर बाहेरून आलेले परीक्षक हसले आणि त्यांच्यामागे सगळं सभागृह हसलं. त्यानंतर पदवी मिळेपर्यंत तो व्यासपीठाची पायरी चढला नाही.

पदवीनंतर तो अकोल्यातच संशोधनाच्या शेतावर लागला. मेक्सिकोतला बुटक्या जातीचा गहू आपल्याकडे येऊ लागला होता ते दिवस. तिथे जाऊन शिकण्यासाठी काही तरुण निवडायचे होते आणि प्रल्हादला दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलं. उमेदवाराला स्पॅनिशमध्ये अभिवादन करता यावं, आपली ओळख करून देता यावी, अशी अपेक्षा होती. ते बोलावणं घेऊन तो अमरावतीला माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "विनू, गहू मले समजते," तो म्हणाला, "पन उभं राहून सोताचं नाव सांगनं... तेच त मले मराठीत जमत नाई."

अमरावतीच्या कॅम्पात तेव्हा एक म्हातारे स्पॅनिश पाद्री राहत. माझ्या वडिलांशी त्यांचा स्नेह होता. दर रविवारी प्रल्हाद अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरायचा, तिथून अमरावतीला यायचा आणि आम्ही दोघं पाद्रीबाबांच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर जाऊन बसायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी पाटीवर एक शब्द लिहिला. प्रल्हादनं तो "होला" असा वाचला. पाद्रीबाबांनी मान हलवली. "ओला. म्हणजे नमस्कार. आमच्याकडे तो ह लिहायचा असतो, म्हणायचा नसतो."

प्रल्हाद माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हनजे हे बी आमच्यासारखेच?"

वऱ्हाडात 'आम्ही'चं 'आमी' होतं आणि त्यापायी याला हसलेले आहेत, हे मी पाद्रीबाबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, मग या मुलाचं तोंड आधीच तयार आहे, मेहनत तुम्हालाच करावी लागेल. आणि तसंच झालं. 'आहे'साठी त्या भाषेत दोन क्रियापदं आहेत. कायमचं असणं सांगायला एक, सध्याचं असणं सांगायला दुसरं. मी तेल्हाऱ्याचा आहे, हे 'सोय'. मी शिकतो आहे, हे 'एस्तोय'. मराठी घेऊन बी. ए. झालेला मी त्या दोघांत सारखा अडखळत होतो. प्रल्हादला त्यात काही अडचण दिसेना. "यात काय हाय? मी तेल्हाऱ्याचा हावो. आन् मी शिकून राहिलो." पाद्रीबाबांनी त्याला ते 'शिकून राहिलो' पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. 'एस्तोय आप्रेंदियेंदो' म्हणजे नेमकं हेच, ते म्हणाले, इतकं सोपं करून आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण त्याला खरं धरून ठेवलं ते नाव सांगायच्या वाक्यानं. 'मे यामो.' पाद्रीबाबांनी त्याचा शब्दशः अर्थ सांगितला: मी स्वतःला अमुक म्हणतो. प्रल्हादनं ते वहीत लिहून घेतलं. मग त्यानं विचारलं, "लोक मले म्हनतात, असं नाई? मीच म्हनतो?"

"तुम्हीच म्हणता," पाद्रीबाबा म्हणाले. ते त्याला पहिल्या दिवसापासून 'तुम्ही'च म्हणत. परक्याशी आदरानं बोलायचा त्यांचा शब्द होता 'उस्तेद', आणि प्रल्हादनं तो 'उस्ताद'वरून लक्षात ठेवला होता.

त्या संध्याकाळी मी त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो. वाटेत तो ते वाक्य आधी पुटपुटत होता, मग बोलू लागला, आणि गाडी हलली तेव्हा दारात उभा राहून त्यानं ते अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हटलं. मे यामो प्रल्हाद वानखडे! लोक वळून बघायला लागले. तो हसत होता.

दिल्लीत काय झालं ते त्यानंच मला येऊन सांगितलं. इंग्रजीतले प्रश्न संपल्यावर समितीतल्या मेक्सिकन गृहस्थानं त्याला त्यांच्या भाषेत नाव विचारलं. हा खुर्चीवरून उठला. अभिवादन केलं, नाव सांगितलं, गाव सांगितलं. स्पॅनिश येतं का, या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं: शिकून राहिलो. ते गृहस्थ टेबलावरून पुढे झुकले आणि त्यांनी त्याच्याशी हात मिळवला. ते डॉन एर्नेस्तो; 'डॉन' हा तिकडचा आपल्या 'राव'सारखा आदराचा शब्द. प्रल्हाद निवडला गेला, मेक्सिकोला गेला आणि त्यांच्याच हाताखाली शिकला.

तो परतल्यावर वर्षभरानं डॉन एर्नेस्तो अकोल्याचा गहू बघायला आले आणि त्यांनी प्रल्हादच्या आईला भेटायची इच्छा सांगितली. तेल्हाऱ्यात एका बड्या जमीनदाराकडे पाहुण्यांचं जेवण ठेवावं, आईला तिथेच बोलावून घ्यावं, असं अधिकाऱ्यांचं चाललं होतं. पाहुणे म्हणाले, मी त्यांच्या घरी जाईन.

आदल्या आठवड्यात मी प्रल्हादबरोबर तेल्हाऱ्याला गेलो होतो. कौसल्याबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या आणि लेक शेजारी बसून त्यांना वाक्यं शिकवत होता. त्यानं नुसतं नमस्कार करायचं सुचवलं होतं, त्यांना ते मान्य नव्हतं. पाहुणा आपल्या घरी येणार आणि बोलणार दुसरंच कुणी, हे त्यांना पटेना. 'भेटून आनंद झाला' हे तिकडे बाप्यानं 'एन्कान्तादो' म्हणायचं आणि बाईनं 'एन्कान्तादा', यावर तर वादच झाला. आमच्याकडे बाईसुद्धा 'मी येतो' म्हणते, मग त्यांच्याकडेच हा भेद काहून, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, दा त दा. मले आजपावतर कोनी नाव इचारलं नाई. कोनाची बायको, कोनाची माय, एवढंच. इचारलं त मी सांगन."

भेटीच्या दिवशी त्यांचं अंगण माणसांनी भरून गेलं होतं. बाजेवर धुतलेली सतरंजी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कुंपणाशी सगळा मोहल्ला. बरोबरचे अधिकारी पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, ही प्रल्हादची आई, शिकलेली नाही, समजून घ्यावं. कौसल्याबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण सूर कळला. त्यांनी हात वर करून साहेबांना थांबवलं. पदर सारखा केला आणि पाहुण्यांकडे बघून हात जोडले. "जयभीम."

"जयभीम," डॉन एर्नेस्तो म्हणाले. मेक्सिकोतल्या शेतावर रोज सकाळी प्रल्हाद त्यांच्याकडून ते म्हणवून घ्यायचा, हे आम्हाला मागाहून कळलं.

मग त्या माउलीनं एकेक शब्द भाकरीसारखा नीट थापून पुढे ठेवला. "मे यामो कौसल्या. सोय दे तेल्हारा. एन्कान्तादा." जरा थांबल्या. शिकवलेलं तेवढंच आहे असं मला वाटत होतं. पण त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कोमो से यामा उस्तेद?" आपलं नाव काय?

पाहुण्यांचं नाव सगळ्या तेल्हाऱ्याला ठाऊक होतं. पण ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. डॉन एर्नेस्तोंनी डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली, वाकले आणि नाव सांगितलं. पुढे त्यांच्या रीतीप्रमाणे आणखी काही म्हणाले. प्रल्हादनं आईजवळ जाऊन त्याचं मराठी केलं: "माय, ते म्हनतात, मी एर्नेस्तो... तुमच्या सेवेले हजर."

कुंपणाशी उभी असलेली एक म्हातारी शेजारीण मोठ्यानं म्हणाली, "वं बाई, तुयं नाव कौसल्या हाय? मले मालूमच नव्हतं." सगळं अंगण हसलं, आणि सगळ्यांत जास्त हसल्या त्या कौसल्याबाई. त्या दिवसापासून मोहल्ल्यात त्यांना कुणी प्रल्हादची माय म्हटलं नाही. जमीनदाराच्या घरचा माणूसही निरोप घेऊन आला की अंगणाबाहेरून "कौसल्याबाई" अशी हाक मारायचा.

प्रल्हाद नंतर पुष्कळ मोठा झाला. देशोदेशीच्या सभांत बोलला, वऱ्हाडी न लपवता बोलला. भाषणाआधी सूत्रसंचालक त्याच्या पदव्या वाचायला लागला की तो त्याला हातानं थांबवायचा आणि आपलं नाव-गाव आपणच सांगायचा...

परवा मी भेटायला अकोल्याला गेलो. गाडी चालवायला नातू बरोबर होता. दार प्रल्हादच्या पत्नीनं, शांताबाईंनी उघडलं. रडून डोळे सुजलेले. मला बघून त्यांना भरून आलं, थोडा वेळ त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या. नातू मागे अवघडून उभा होता आणि मी म्हणणार होतो, हा माझ्या धाकट्याचा मुलगा. पण त्या घरात ती रीत नाही. तिथे कुणी कुणाची ओळख करून देत नाही. शांताबाईंनी पदरानं डोळे पुसले, त्याच्यापुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "जयभीम. मी शांता वानखडे. तुमचं नाव?"

पोरगा सरळ उभा राहिला आणि त्यानं आपलं नाव सांगितलं. शांताबाईंनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, आणि मग आम्हाला आत घेतलं.