व्याह्यांनी रेडिओ बंद केला

आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा गावात वीज नव्हती.

यात दुकानदाराचा काही दोष नव्हता. यवतमाळच्या त्या भल्या माणसानं आमच्यासमोर दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर, चामडी पिशवीतला, खांद्याला अडकवून कुठंही न्या. दुसरा दोन्ही हातांनी उचलावा लागणारा विजेचा रेडिओ. लाकडी पेटी, सोनेरी जाळी, पेढ्याएवढी बटणं आणि मधोमध हिरवा डोळा. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांना छोटा आवडला होता. पण घरात शिकलेला मी! घाटंजीजवळच्या आमच्या गावातच नुकताच मास्तर झालो होतो आणि पोरांना विज्ञान शिकवत होतो.

"बाबा, हे तर खेळणं आहे," मी म्हणालो. "अन् लाइट तर येऊनच राह्यली. खांब आले ना गावात."

खांब आले होते हे खरं. ते गावाबाहेर आडवे पडले होते आणि म्हातारी माणसं त्यांच्यावर बसून तंबाखू चोळत असत.

रेडिओ घरी आला. मायनं त्याला मोराचं भरतकाम केलेला झगा शिवला. मी पोस्टात जाऊन लायसन काढून आणलं. ऐकायचा सरकारी परवाना मिळाला, ऐकायला तेवढं काही नव्हतं. आठवडी बाजाराला आलेली माणसं वाट वाकडी करून रेडिओ बघायला येत, झगा उचलून आत डोकावत आणि पाणी पिऊन जात. बाबा कामावरून आले की थोडा वेळ त्याच्यासमोर बसत, मग माझ्याकडे बघत, मग उठून जात. बोलले असते तर बरं झालं असतं.

तशात मामानं माझ्या बहिणीसाठी, विमलसाठी, दारव्ह्याचं स्थळ आणलं. मामा राजूरच्या कोळसा खाणीत होता. माणूस प्रेमळ, पण जिभेला ब्रेक नाही. मुलाच्या वडिलांना त्यानं मुलीच्या गुणांआधी आमचा रेडिओ सांगून टाकला होता. त्यावर ते म्हणाले होते की चला, पोरगीही पाहू आन् बातम्याही ऐकू.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मामा आला आणि त्याच्याकडून हे कळलं तेव्हा माय मटकन खाली बसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला मात्र मामाच्या खांद्याला लटकणारा ट्रान्झिस्टर दिसला आणि माझं विज्ञान जागं झालं. मोठ्या रेडिओची मागची फळी काढून मी तो छोटा आत सारला आणि वरून झगा नीट ओढला. राहिली वायर. ती नुसती लोंबकळत होती. भिंतीत खुंटीचं एक जुनं भोक होतं. मी तिचा प्लग त्या मातीच्या भोकात दाबून बसवला. लांबून बघितलं तर थेट यवतमाळचं घर वाटत होतं!

पाहुणे आले, जयभीम झाला, चिवडा पुढं गेला. मुलगा खाली मान घालून बसला. त्याचे वडील रेडिओजवळच टेकले. मी आत हात घालून आधीच सुरू करून ठेवला होता. गाणं छान चाललं होतं. मग विमल पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि ते म्हणाले, जरा आवाज कमी करतो, पोरीशी बोलू द्या.

त्यांनी झग्याखाली हात घालून एक बटण फिरवलं. गाणं तेवढंच. दुसरं फिरवलं. गाणं तेवढंच. मग त्यांनी बटण उलटं फिरवून खट्ट करून बंद केलं, तरी बाई गातच होती.

"दमदार आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी वायर ओढली.

प्लग सुटला. त्याच्याबरोबर ओंजळभर माती त्यांच्या धोतरावर पडली. ते एकदा प्लगकडे, एकदा भोकाकडे बघत राहिले. गाणं संपून आता निवेदक बोलू लागला होता.

"हे काहून वाजून राह्यलं मास्तर?"

"त्याचं असं आहे जी," मी म्हणालो, "मोठ्या रेडिओत करंट साठून राहते."

"असं का," ते म्हणाले. माणूस इतका सभ्य की त्यांनी ते जवळजवळ मान्य केलं. सगळं तिथंच निभावलं असतं. पण त्यांनी सहज विमलला विचारलं की तुले चालवता येते का रेडिओ.

विमलनं तांब्या खाली ठेवला.

"तो चालतच नाही. गावात लाइट नाही जी. आतमंदी मामाचा छोटा वाजून राह्यला. दादानं लपवला."

मायनं पदर तोंडाला लावला. मामा छताकडे बघू लागला. मला वाटलं, आता हे उठणार, चपला घालणार आणि माझ्या पाठच्या बहिणीचं लग्न माझ्या हिरव्या डोळ्यापायी मोडणार. तेवढ्यात इतका वेळ मान खाली घालून बसलेला मुलगा हसायला लागला. तो असा हसला की चिवडा त्याच्या नाकात गेला. बाबांना त्याची पाठ चोळावी लागली, आणि चोळता चोळता बाबाही हसायला लागले. कित्येक महिन्यांनी.

मुलाच्या वडिलांनी धोतरावरची माती झटकली.

"पोरगी खरं बोलते. आमाले पसंत आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "मास्तर, तुमी शाळेत काय शिकवता?"

मी मामाकडे आशेनं पाहिलं. मामा म्हणाला, "सायन्स."

लग्न थाटात झालं. पुढं गावात वीज आली, विमलच्या घरी टीव्हीसुद्धा आला. तो घेण्याआधी जावईबापू खास दारव्ह्याहून माझा सल्ला घ्यायला आले होते. मी दोन कंपन्यांचे गुणदोष तासभर समजावून सांगितले आणि एकीवर बोट ठेवलं. त्यांनी आदरानं ऐकून घेतलं, मला नमस्कार केला, आणि थेट जाऊन दुसरीचा घेतला.