ताडपत्रीवाले मामू आणि माझं पॅराशूट

ताडपत्रीवाले मामू समोर आलेलं कुठलंही कापड आधी उलटं करून बघत. लग्नात नवरदेवाला भेटायला गेले तरी एका हाताने पाठ थोपटत आणि दुसऱ्या हाताने कोटाचं टोक उलटवत. माझ्या लग्नात त्यांनी असंच माझ्या कोटाचं अस्तर पाहिलं आणि "पोरगा चांगला आहे," एवढंच म्हणाले. कोटाबद्दल ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत.

खामगावात जिनिंगच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. कापसाच्या गंज्या झाकायच्या ताडपत्र्या शिवणं हा त्यांचा धंदा. पण माझं पहिलं दप्तरही त्यांनीच शिवलेलं, त्यामुळे मी बुलढाण्याच्या कॉलेजात भूगोल शिकवायला लागलो तरी त्यांच्या लेखी मी दप्तरवालाच राहिलो. फरक एवढाच, की नावाऐवजी मला 'मास्तर' म्हणू लागले.

पंचेचाळिशी उलटल्यावर या मास्तरला ग्लायडर उडवायची हौस आली. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. इंजिनच नाही म्हटल्यावर बिघडणार काय, असं मी घरी समजावून सांगितलं. कोणी समजून घेतलं नाही. त्यात उडताना पाठीला पॅराशूट बांधावं लागतं हे बायकोला कळलं, आणि क्लबातल्या पॅराशूटचे पट्टे माझ्या पोटावरून जेमतेम पोचतात हेही. तिने अट घातली: स्वतःच्या मापाचं पॅराशूट घ्यायचं आणि मामू त्याला हो म्हणाले तरच उडायचं. तिचा विश्वास विमानशास्त्रावर नव्हता, मामूंच्या अंगठ्यावर होता.

नवं पॅराशूट माझ्या आवाक्याबाहेरचं, म्हणून जुनं शोधू लागलो. आमच्याच गल्लीत एक निवृत्त वैमानिक राहतात, त्यांना आम्ही साहेब म्हणतो. त्यांनी आपलं पॅराशूट आपणहून देऊ केलं. साहेबांच्या घरच्या काकूंनी ते माझ्या हातात ठेवताना कौतुकाने सांगितलं, "दरवर्षी गाद्या-गोधड्यांबरोबर गच्चीवर पसरून चांगलं ऊन दाखवलंय हो. कसर लागू दिली नाही." डांबरगोळ्यांचा वास, एकही डाग नाही, घडी अगदी पैठणीसारखी. मी तिथेच हो म्हणून टाकलं. पारख असावी तर अशी, असं मनात म्हणत दुसऱ्या दिवशी खामगावची बस धरली.

मामूंनी दुकानाची अर्धी फरशी झाडून घेतली आणि ते पांढरं कापड पसरलं. आधी वास घेतला. मग शिवणीची दुमड उलटी करून आतलं कापड पाहिलं, बाहेरचं पाहिलं, परत आतलं पाहिलं. आतलं चकचकीत होतं. बाहेरचं मेणबत्तीसारखं निस्तेज.

"ह्याले उन्हात कोनं ठेवलं बे?"

मी काकूंची गोष्ट सांगितली. मामूंनी कापड दोन अंगठ्यांत धरलं आणि हलकेच ताणलं. ते जुन्या वर्तमानपत्रासारखं फाटलं. वऱ्हाडातलं एप्रिल-मेचं ऊन गोधडीतली कसर मारतं, तसं नायलॉनचा जीवही घेतं, हे ताडपत्र्यांत जन्म घालवलेल्या माणसाला माहीत होतं. भूगोलाच्या मास्तरला नव्हतं.

"पुढच्या रविवारी उडनार होतो, मामू," मी म्हणालो.

"उडनं काही नाही. उतरनं होतं ना याच्यावर."

मग चहा आला. काकूंना आता काय सांगायचं, हे मी विचारायच्या आधीच मामूंनी सांगितलं. "उमर झाली त्याची म्हनजो. उन्हाचं सांगजो नको त्या माउलीले. इतकी वर्सं जीव लावला तिनं त्याले."

मी तसंच सांगितलं. काकूंनी हळहळून विचारलं, "तरी ऊन दाखवत होते ना मी?" मी मान डोलावली. तेवढं खोटं मला सहज जमलं.

दुसरं पॅराशूट क्लबातल्या एका सभासदाचं मिळालं. आता मी शहाणा झालो होतो. ते कधी बनलं, आत कोणी कधी घडी घातली, कुठे ठेवलं होतं, सगळं विचारून घेतलं. त्यासोबतच्या कार्डावर क्लबातल्या घडी घालणाऱ्याची दरवर्षीची सही होती आणि ते कायम बंद कपाटात राहिलेलं होतं. पण यावेळी मामूंनी ते दुकानात उघडू दिलं नाही. ज्याचं काम आहे त्याच्यासमोरच उघडायचं म्हणाले, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस माझ्याबरोबर क्लबापर्यंत आला. घडी घालणाऱ्याने कापड टेबलावर पसरलं तेव्हा तो आणि मामू दोघेही एकाच वेळी शिवणीची दुमड उलटवायला वाकले. मग तासभर त्यांना माझी गरज नव्हती.

शेवटी मामूंनी मला ते पाठीवर बांधायला लावलं आणि जमिनीवर बसवलं. "डोये मीट. आता मूठ शोध." मूठ म्हणजे ओढली की पॅराशूट उघडतं ती. दहा वेळा शोधायला लावली. तीनदा माझ्या हाताला माझं पोटच लागलं, तेव्हा आणखी दहा वेळा. मग म्हणाले, "मी हो म्हनतो. पन वापरजो नको."

परत आल्यावर त्यांनी त्याच्यासाठी जाड काळ्या कापडाची पिशवी शिवून दिली. आत उजेड जाणार नाही अशी.

मागच्या हिवाळ्यात मामू गेले. पॅराशूट अजून एकदाही वापरावं लागलेलं नाही. दर उड्डाणाआधी मी डोळे मिटून मूठ शोधतो, क्लबातली मंडळी समजतात मास्तर देवाचं नाव घेतोय.

यंदा उन्हाळ्यात बायकोने गच्चीवर गाद्या टाकल्या. पॅराशूट कपाटात ठेवून मी ती काळी पिशवी तेवढी उन्हात घालायला नेली, आणि घालण्याआधी मामूंच्या सवयीने उलटी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आत एकही धागा सुटलेला नव्हता. जिथे ओझं पडतं तिथे तिहेरी शिवण, दुमडीच्याही आत दुमड, बाहेरून कधी दिसली नसती अशी. बाहेरच्यापेक्षा आतलं काम सुबक होतं.

पिशवी परत सुलटी करायला मला जरा वेळ लागला.