थैलीतला सत्तावीस नंबर

तमाम जनतेस कळवण्यात येते की, बहरीनमध्ये लग्नात, नाताळात, एवढंच काय, गणेशोत्सवाच्या स्नेहसंमेलनातसुद्धा ज्याने वर्षानुवर्षं हाउजीचे, म्हणजे तंबोल्याचे, नंबर पुकारले, तो सुप्रसिद्ध टोनी लोपीस, हल्ली मुक्काम वसई, आज एक अत्यंत गंभीर घोषणा करणार आहे. शिट्ट्या मारू नयेत. तिकिटं खाली ठेवावीत.

झालं. बघितलंत? मोठ्यानं बोललो की मला धीर येतो. पण जे सांगायचंय ते माइकवरून सांगण्यासारखं नाही. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. चर्चमध्ये फादरसमोर गुडघे टेकून किती पापं कबूल केली — लपवून ओढलेल्या सिगारेटी, साहेबाला मारलेल्या थापा — पण हे एक जिभेवर आलं की मी खोकायला लागायचो. फादर म्हणायचे, पाणी घे, टोनी.

खोकला खरा होता, बरं का. तिथूनच सुरुवात करतो. कुठून तरी करायलाच हवी ना?

मी एका हॉटेलात बँक्वेटला, म्हणजे मेजवान्यांच्या खात्यात होतो. उम्म अल हस्समला आमचा फ्लॅट. आत एसीची हवा, बाहेर धूळ, वर माझी सिगारेट — छाती कायम भरलेली. दर सुट्टीत वसईहून परतताना मी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून बॅगेतून आणायचो. लोक लोणची आणायचे, मी औषध आणायचो. दोन चमचे घेतले की छाती मोकळी आणि डोकं हलकं. डोकं का हलकं होतं, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या मुलानं — रॉनीनं — घेऊन बघितलं.

तो तेव्हा बारावीत होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिथल्या आपल्या भारतीय लोकांच्या शाळेत मैदानामागे औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या आणि प्रिन्सिपॉल मॅडमनी पालकांची सभा बोलावली. नवा नियम — दर महिन्याला अकरावी-बारावीतल्या तीन मुलांची नावं नशिबानं काढायची आणि तिथल्या तिथे त्यांची लघवी तपासायला पाठवायची. दोष निघाला तर पोलिसांत देणार नाही, पण दाखला हातात देणार. मुलाला मायदेशी पाठवा. 'पोलीस' हा शब्द ऐकताच लोक खुर्च्यांत सावरून बसले. त्या बेटावर असल्या प्रकरणाचा नुसता वास लागला, तर पोराबरोबर बापाचा व्हिसाही खलास, हे कुणाला सांगायला नको होतं.

मॅडम म्हणाल्या, खोकल्याच्या काही औषधांत अफूच्या नात्यातला एक घटक असतो, तो तपासणीत दिसतो. मी तिसऱ्या रांगेत बसून खोकत होतो.

मग वाद पेटला. नावं काढणार कोण? ऑफिसनं काढली तर कमिटीवाल्यांची पोरं नेमकी वगळली जातील! तेवढ्यात मागून एक केरळी गृहस्थ ओरडले, "अरे, टोनी अंकल को बुलाओ ना! उनके पास थैली भी है!" सगळे हसले. टाळ्या. मी उठून, छातीवर हात ठेवून, कमरेत वाकलो. किती आवडलं मला ते! एवढ्या मोठ्या शाळेनं न्याय करायला कुणाला निवडलं — तर मला.

प्रत्येक मुलाला एक नंबर मिळाला. सोडत निघायच्या आदल्या संध्याकाळी माझी छाती भरली. कपाट उघडलं. एक बाटली उघडून चमच्यात ओतली — आणि चमच्यात कोरा चहा. दुसरी उघडली. तोच चहा.

रॉनी दारात उभा होता. "डॅड, जस्ट फॉर स्टडीज. आय कॅन स्टॉप. आय स्वेअर."

बाप म्हणून मी काय केलं असेल, सांगा? मारलं? नाही. जवळ घेतलं? नाही. शाळेत जाऊन बाटल्या टेबलावर ठेवल्या? छे. मी विचारलं, "तुझा नंबर किती?"

"ट्वेंटी-सेव्हन."

इथं मला वाटतं, की जे पुढं झालं ते ऐन वेळी, घाबरून झालं असं सांगावं. असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. पण ते खोटं आहे. बायको प्रार्थनेला गेली होती. मी न्हाणीघरात आरशासमोर उभा राहिलो आणि सराव केला. थैलीतली नंबरची लाकडी गोटी दोन बोटांत धरायची, बघायची, काहीतरी चावट बोलायचं, लोक हसले की हात परत थैलीत आणि गोटी सोडून द्यायची. लहानपणी रॉनीला मी कानातून नाणं काढून दाखवायचो. हात तोच होता.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं. मुलं एका बाजूला, पालक दुसऱ्या बाजूला. रॉनीच्या शेजारी आसिफ. आसिफ म्हणजे शौकतभाई परकारांचा एकुलता एक. शौकतभाई रत्नागिरीचे, अस्करच्या बाजूला एका कारखान्यात फिटर, राहायला बुसैतीनला. ईदला झुबेदावहिनींच्या हातची सांदणं आमच्याकडे यायची आणि नाताळात आमचा केक, खास त्यांच्यासाठी दारू न घातलेला, त्यांच्याकडे जायचा. दोघं पोरं पहिलीपासून एका बाकावर.

पहिला नंबर निघाला. दुसरा निघाला. तिसरी गोटी काढली — आणि बोटांत सत्तावीस.

नव्वद गोट्यांत! काय म्हणावं याला? देवानं माझी परीक्षा घेतली म्हणू? नको. देवाला यात ओढत नाही.

मी म्हणालो, "मागच्या रांगेतल्या ताई म्हणतायत, टोनी थैली नीट हलवत नाही! ताई, घरी नवऱ्याला हलवता तेवढी हलवू का?" सभागृह फुटलं. मॅडमसुद्धा हसल्या. त्या हसण्यात माझा हात थैलीत गेला, सत्तावीस सोडला, आणि दुसरी गोटी वर आली.

आणि सवय बघा! माणूस बुडतानासुद्धा सवय सोडत नाही. मी हाउजीत अकराला पुकारतो तसंच पुकारलं — "लेग्ज इलेव्हन!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. अकरा नंबर आसिफचा. तो हसत उठला. त्यानंही माझ्यासारखं छातीवर हात ठेवून वाकून दाखवलं आणि लघवीची बाटली घेऊन गेला.

मला तेव्हा काही टोचलं नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं. मला वाटलं, आसिफ तर पाच वेळा नमाज पढणाऱ्याचा मुलगा, तो सुटणारच. घरी येऊन मी दोन अंडी खाल्ली.

निकाल आला. आसिफच्या लघवीत तोच घटक. रॉनीनं जेवणाचं ताट सरकवलं आणि तो पहिल्यांदा मराठीत बोलला, "त्याला खोकला होता. आपल्या घरी आला तेव्हा मीच दोन चमचे दिले. चांगल्या बाटलीतले." म्हणजे माझ्या बाटलीतले. वसईहून टॉवेलात गुंडाळून आणलेल्या.

आता तर सगळं सोपं होतं ना? जायचं, सांगायचं — पोर निर्दोष आहे, औषध माझं आहे. मी गेलो. खरंच गेलो. शाळेच्या फाटकापर्यंत. तिथं उभं राहून हिशेब मांडला — औषध माझं म्हटलं की मॅडम विचारणार, घरी आणखी कोण घेतं? रॉनीलाही लघवीची बाटली देणार. मग त्याचं बारावीचं वर्ष, माझी नोकरी, फ्लॅट… वॉचमननं विचारलं, "अंकल, अंदर जाना है?" मी म्हणालो, "नहीं, ऐसे ही." त्याला मी एक विनोदही सांगितला. तो हसला.

आसिफनं कुणाचं नाव घेतलं नाही. 'मित्रानं औषध दिलं' एवढंच म्हणाला. कोण मित्र? गप्प. मॅडमनी धमकावलं, शौकतभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उचलला. तरी गप्प. सतरा वर्षांचं ते पोर जे करू शकलं, ते मला बेचाळीसाव्या वर्षी जमलं नाही.

शौकतभाई माझ्याकडे आले. सोफ्याच्या कडेला टेकून म्हणाले, "टोनीभाई, तुम्ही चार लोकांत वावरता. शाळेशी भांडू का? पोरगा खोटं नाही बोलत, मला ठाऊक आहे." आणि मी — रॉनी आतल्या खोलीत बसलेला असताना — त्यांना सल्ला दिला. म्हणालो, भांडू नका, बोभाटा होईल, पोलिसांच्या कानावर जाईल. गुपचूप गावी पाठवा. एखादं वर्ष जाईल, दुसरं काय? त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "अल्ला तुमचं भलं करो."

थैलीतून गोटी बदलणं भीतीनं झालं म्हणा हवं तर. हा सल्ला? याला काय नाव द्याल?

मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. माझ्या गाडीतून. वहिनी आणि आसिफ जाणार होते, शौकतभाई मागं राहणार होते, नोकरीसाठी. रॉनी आला नाही, पोट दुखतंय म्हणाला. वाटेत मी एकामागून एक किस्से सांगत होतो आणि आसिफ हसत होता, मला वाईट वाटू नये म्हणून हसत होता. मागच्या सीटवर झुबेदावहिनी काळ्या ओढणीत तोंड मिटून बसलेल्या. शौकतभाईंनी त्यांना बजावलं होतं, लोकांसमोर काही बोलायचं नाही. चेक-इनची रांग आली. मी त्यांची बॅग उचलून वजनकाट्यावर ठेवली, म्हटलं, "सांभाळून जा, वहिनी." त्या वळल्या, एकदम, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या —

"भाऊजी, नाव तुम्ही काढलंत म्हणून गप्प बसले हो मी! दुसरा कुणी असता ना, तर शाळेच्या दारात आडवी पडले असते!"