पारीवरचा वर्ग

आमच्या आसगावात प्राध्यापक झालेला पहिला माणूस म्हणजे माहा लहाना भाऊ भूपेंद्र. मी सातवीतून शाळा सोडून नांगर धरला, म्हणून तो एमए झाला. हे मी कोणालेही तोंडावर सांगतो.

भूगोल शिकवे तो, कॉलेजात, तासिकेवर. दर साली नवी नेमणूक. कोरोनात कॉलेज बंद झालं, तवा मोबाइलवर शिकवा म्हणे. घरी रेंज नाई, रेंज भेटे तलावाच्या पारीवर, उंच बांधावर. मी बांबूले मोबाइल बांधला अन् धरून उभा राहिलो. पाणी कसं अडते, कुठून सुटते, कोणाच्या धानाच्या बांधीत जाते, सारं भूपेन हात लांबवून दाखवे. बाकीच्याइनं पुस्तक वाचून दाखवलं. माह्या भावाचे व्हिडिओ पार गोंदियाच्या पोट्ट्याइनं पाह्यले. कॅमेरामन मी.

एक खोड होती त्याले, तंबाखू-सुपारीचा खर्रा. गालात दाबूनच शिकवे. "दादा, याच्याबिगर गळा खुलत नाई," म्हणे. मागच्या साली कॅन्सरपायी नागपूरले त्याचा अर्धा जबडा अन् जीभ काढली. माणूस वाचला, बोलणं गेलं.

"भाऊजी, आता कोण ठेवीन याइले कॉलेजात?" त्याची बायको रिता रडाले लागली.

"काहून नाई ठेवत? व्हिडिओ हायेत ना."

नेमणुकीच्या आधी प्राचार्यांनी एक तास घेऊन दाखवाले बोलावलं. मी संगच गेलो, मांगच्या बाकावर बसलो. भूपेननं पारीवरचा व्हिडिओ पडद्यावर लावला. मधातच त्यात माहा आवाज आला, "भूपेन, चाल ना बे, भात थंडा होऊन राहिला."

"आलो दादा, पाच मिनिटं," पडद्यावरचा भूपेन बोलला.

पोट्टे हासले. भूपेनही हासला, तोंडावर रुमाल धरून.

कामिनी नावाच्या पोरीनं विचारलं, "सर, आमच्या कोंढ्याच्या तलावात गाळ भरला, तर पाणी कुठं जाईन?" हे व्हिडिओत नव्हतं. भूपेननं व्हिडिओ थांबवला, फळ्यावर तलाव काढला, गाळ काढला, अन् पाण्याची वाट बोटानं दाखवत गेला. पोरगी बोलली, "समजलं सर."

तास सुटल्यावर प्राचार्यांनी मले विचारलं, "व्हिडिओ फारच छान आहेत. चालवायला अवघड आहेत का?"

"अवघड काय साहेब? निस्तं बटन दाबाचं. मी सातवी शिकलो, मीबी लावतो. माहा पूरा भाऊ हाये त्याच्यात."

"तेच म्हणतो मी. मग आमचा शिपाई घनश्यामही लावेल. सरांनी आता घरी आराम करावा."

भूपेननं माह्याकडे पाह्यलं. मंग डस्टर घेऊन फळ्यावरचा तलाव पुसला, सावकाश, एका कोपऱ्यापासून.

बसमध्ये मी त्याले म्हटलं, "मी खोटं काय बोललो सांग." तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

आजही त्या कॉलेजात भूगोल माहाच भाऊ शिकवते, कोणालेही विचारा. परवा बाजारात ते कामिनी भेटली. म्हणे, "घनश्यामभाऊ व्हिडिओ लावून बाहेर जाते काका. विचारावं तं कोणाले?"

धानाची रोवणी सुरू हाये. भूपेन रोज पारीवर जाऊन बसते, व्हिडिओ काढाचो तिथंच. बांधीतून मी आवाज देतो, "भूपेन, चाल ना बे, भात थंडा होऊन राहिला."

तो मांगं न पाहता हात वर करते. पाच बोटं दाखवते.