काठावरचे कटतात

चार माणसं हसायला जमली की किस्से होणारच. आमच्या हास्य क्लबाचेही ढीगभर झालेत. फक्त अडचण अशी की, ते सांगताना ऐकणारा हसतो आणि मी मान खाली घालतो. कारण जवळजवळ प्रत्येक किश्शाच्या मुळाशी एक फोटो आहे, आणि तो फोटो मी टाकलेला आहे!

आमचा क्लब नागपुरातल्या आमच्याच वस्तीच्या बागेत सकाळी भरतो. सगळे रिटायर. आधी टाळ्या, मग हो-हो-हा-हा, आणि शेवटी दोन्ही हात आभाळाकडे करून मोठ्यानं हसायचं. त्याच क्षणी फोटो. मी खापरखेड्याला ऑफिसात कारकुनी करून रिटायर झालो. कॉम्प्युटरसमोर बसायचो, एवढ्याच भांडवलावर आमचे अध्यक्ष उमाटे सर, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, यांनी क्लबचं ऑनलाइन पेज माझ्या गळ्यात मारलं. फोटो काढायचा मी, टाकायचाही मी, आणि शिव्या खायच्याही मीच.

या फोटोची सगळ्यात जास्त वाट पाहायच्या विमलताई. मूळच्या नरखेडकडच्या, करारी बाई. त्यांचा एकुलता एक मुलगा नीलेश बंगलोरला असतो. त्यानं आपल्या मनानं लग्न केलं, विमलताई लग्नाला गेल्या नाहीत, आणि तेव्हापासून मायलेकाचं बोलणं बंद. पण तो आमचं पेज पाहतो, असं त्यांना भाचीकडून कळलं होतं. ही गोष्ट त्यांनी फक्त क्लबातल्या इंदूताईंना सांगितली, आणि इंदूताईंनी फक्त आम्हा सगळ्यांना.

त्यामुळे रोज घरी निघताना विमलताई सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "टाकला का जी फोटो, सुधाकरभाऊ?" आणि मी म्हणायचो, "हो ताई, टाकला."

टाकला होता हे खरं. कसा टाकला होता, ते पुढे येईलच.

*

सुरुवातीला मला साइझ नावाची भानगडच माहीत नव्हती. फोन जसा फोटो काढेल तसा मी पेजवर टाकायचो, आणि तोच क्लबच्या ग्रुपवरही, डॉक्युमेंट म्हणून. कुणीतरी सांगितलं होतं की तसा पाठवला की क्वालिटी जात नाही. गेली नाही. एकेक फोटो इतका वजनदार की ग्रुपवर उतरताना सगळ्यांचे फोन तापायचे. वर मी एकाच हसण्याचे पाचसहा फोटो पाठवायचो, न जाणो कुणाचे डोळे मिटले असतील!

एक दिवस उमाटे सर बागेत आले ते गंभीर चेहऱ्यानं. त्यांच्या नातीचं शाळेत पहिलंच भाषण होतं. सर पहिल्या रांगेत बसून शूटिंग करायला गेले, तर फोन म्हणाला जागा नाही. नात बोलून खाली उतरली, तोवर सर फोटो डिलीट करत बसलेले. पोरीनं स्टेजवरून पाहिलं तेव्हा आजोबा फोनमध्ये डोकं घालून होते.

सर माझ्यावर ओरडले नाहीत. तेच वाईट. नुसतं म्हणाले, "सुधाकर, आपलं हसणं माझ्या फोनमध्ये मावत नाही."

*

मग मी शहाणा झालो. फोटो लहान करायचं एक अ‍ॅप घेतलं आणि सगळ्यात खालचा आकडा निवडला. म्हटलं, कुणाच्या फोनला त्रास नको.

आमच्यातले गोपाळराव कडू तेव्हा भलतेच खुशीत होते. चालून चालून त्यांनी पोट कमी केलं होतं आणि ते सगळ्या नातेवाइकांना दाखवायचं होतं. त्यांनी माझा तो चिमुकला फोटो मोठ्या अभिमानानं सासरच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी तो मोठा करून पाहिला तर सगळ्यांचे चेहरे सांडलेल्या रव्यासारखे. सगळ्यांनी गोपाळरावांचं तोंड भरून कौतुक केलं. फक्त ते कौतुक त्यांच्या बाजूला उभ्या सडपातळ जोशींच्या पोटाचं होतं, कारण सासरच्यांना जोशीच गोपाळराव वाटले.

शेवटी मेव्हण्याचा फोन आला. "भाऊजी, सगळं ठीक आहे, पण त्या फोटोत तुमच्या बाजूले तो जाडा कोण उभा आहे?"

जाडे गोपाळराव होते.

*

पेजच्या माथ्यावर एक आडवा फोटो लागतो. आमचा फोटो काही तेवढा आडवा नव्हता. दोन्ही बाजूंना जागा उरत होती. मी सरळ फोटोची दोन टोकं धरली आणि जागा भरेपर्यंत ओढली. फोटो बसला. जागा भरली. मी खूश.

इंदूताईंच्या मुलीनं पुण्याहून तो पाहिला. आईला आधीच साखर. तिनं त्याच दिवशी फोन करून घरातला गूळ, साखर आणि संत्रा बर्फीचा डबा शेजारी देऊन टाकायला लावला. सुनेनं हुकुमाची अंमलबजावणी केली. इंदूताई आठवडाभर कारल्याचा रस पिऊन येत होत्या आणि माझ्याकडे बघत हसत होत्या. त्या हसण्याचा क्लबाशी काही संबंध नव्हता.

"वजन केलं मी," त्या म्हणाल्या. "कमी झालं आहे. पण पोरगी म्हणते, काटा खराब असन, फोटो थोडी खोटं बोलते!"

*

क्लबाच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावायचा ठरला. सीताबर्डीतल्या फ्लेक्सवाल्यानं मोठा फोटो मागितला. मी पेजवरचाच उतरवून दिला. तो म्हणाला, फाटेल. मला वाटलं फ्लेक्स फाटेल. म्हटलं, जाड कापड वापर.

बागेच्या फाटकावर फ्लेक्स चढला तेव्हा सगळ्यांचे चेहरे फरशीच्या तुकड्यांचे झाले होते. पाहुणे म्हणून डोळ्यांचे डॉक्टर बोलावले होते. ते फ्लेक्ससमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि भाषणात म्हणाले, "मला क्षणभर वाटलं, माझाच नंबर वाढला."

सगळे हसले. हास्य क्लबच तो. मी मागच्या खुर्चीत बसून चहाच्या कपात पाहत होतो.

*

एवढी फजिती झाल्यावर मी खरंच मनावर घेतलं. बसून शिकलो. कोणता फोटो कुठे केवढा लागतो, सगळं पाठ केलं. तेव्हा कळलं की पेजवर चौकोनी फोटो भरून दिसतो आणि लोकांना आवडतो. आमची माणसं मात्र एका लांब रांगेत उभी राहतात. मग मी काय करायचो, मधला चौकोन ठेवायचो आणि दोन्ही काठ कापून टाकायचो. मधात उमाटे सर, जोशी, इंदूताई, सगळ्यांचे हात वर. फोटो झकास दिसायला लागला. लाइक वाढले. मी फुगलो.

डाव्या काठावर, बागेच्या रेलिंगला लागून, कायम विमलताई उभ्या असायच्या. त्या कापल्या जायच्या. उरायची फक्त त्यांच्या हिरव्या स्वेटरची एक बाही.

मला दिसत नव्हतं असं नाही. एकदा सगळ्यांसमोर मी त्यांना म्हटलंही, "ताई, मधात या ना. काठावरचे कटतात."

"कटू द्या," त्या म्हणाल्या, आणि जागेवरून हलल्या नाहीत.

मी इतरांकडे पाहून डोळे मिचकावले. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की बाई मानी आहे, लेकाला तोंड दाखवायचं नाही तिला, नुसती बाही दाखवायची आहे. गोपाळराव तर हळूच म्हणाले, "मायलेकाचं भांडण बाहीवर आलं." मीही हसलो. आणि निघताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, टाकला का फोटो, तेव्हा मी नेहमीसारखं म्हटलं, हो ताई, टाकला.

हे लिहितानासुद्धा कान गरम होतात माझे.

*

एका दुपारी जेवण करून पेज उघडलं तर एक मेसेज होता. खाली नाव, नीलेश.

"काका, मी विमल यांचा मुलगा. तुमच्या फोटोत डावीकडे जी हिरवी बाही दिसते, ती माझ्या आईची आहे. स्वेटर मी घेतलेला आहे, म्हणून ओळखली. बरेच दिवस तेवढीच दिसते. पूर्ण फोटो असेल तर पाठवाल का? तिला सांगू नका."

तिकडे तो रोज बाही पाहत होता, इकडे ती रोज मला विचारत होती, आणि मध्ये मी चौकोन कापत बसलो होतो, लाइकसाठी. सकाळचा न कापलेला फोटो फोनमध्ये होताच. लगेच पाठवला. पण घाईत सवयीनं लहान करून पाठवला.

त्याचं उत्तर आलं, "काका, याहून मोठा नाही का? झूम केला की चेहरा जातो."

मग मी मूळ फोटो पाठवला, जसा फोननं काढला तसा, पूर्ण वजनाचा. उत्तराची वाट पाहत मी भांडी वाजवत चहा केला, बायको विचारते काय झालं, मी म्हणतो काही नाही. शेवटी त्याचा मेसेज आला.

"सगळ्यांचे हात वर आहेत. आईनं रेलिंग धरलंय. दोन्ही हातांनी. गुडघे फार दुखतात का तिचे?"

मी तो फोटो माझ्या फोनवर मोठा केला. आणखी मोठा केला. रेलिंगवर त्यांची बोटं पांढरी पडली होती. रोज सकाळी ही बाई माझ्यापासून चार पावलांवर उभी असते. मला माहीत नव्हतं. मी लिहिलं, उद्या विचारून सांगतो.

दुसऱ्या दिवशी हसणं सुरू व्हायच्या आधी मी विमलताईंजवळ गेलो आणि हळूच विचारलं, गुडघ्यांना काय झालं.

त्यांनी रोखून पाहिलं. "कोणं सांगतलं तुमाले?"

"फोटोत दिसलं."

"कसं काय? फोटोत तं मी येतच नाही."

नीलेशचं नाव तर घ्यायचं नव्हतं. म्हटलं, "मोठ्या साइझमध्ये सगळं दिसतं, ताई. रेलिंगसुद्धा."

इंदूताईंनी ऐकलं असावं. त्या धावत जाऊन चौकीदाराची खुर्ची घेऊन आल्या. विमलताईंनी ती पायानं बाजूला सारली. टाळ्या झाल्या, हो-हो-हा-हा झालं. त्या रेलिंग धरूनच होत्या. मी फोन वर केला, मागे सरकलो, आणखी मागे सरकलो, दोन्ही काठ आत येईपर्यंत.

सगळ्यांचे हात वर गेले. विमलताईंनी पदर सारखा केला. मग एक हात सोडला. मग दुसरा सोडला. दोन्ही हात सरळ आभाळाकडे केले आणि दात दिसतील एवढं हसल्या. गुडघे थरथरताना मला लांबूनही दिसत होते.

"काढा लवकर, भाऊ," त्या हसता हसता म्हणाल्या. "अन् त्याले मोठाच पाठवा."