पूजेत बसवलेला चेंडू

धुळ्यात मी एमआरआय मशीनवर काम करतो. लोकांच्या डोक्यात डोकावणं हाच माझा धंदा. तरी माझ्या आईच्या डोक्याचा निकाल जळगावच्या एका सेंटरने लावला आणि धरणगावच्या घरात थोरल्या भावाने तो वेदवाक्य मानला, याची मला अजून शिसारी येते.

आईला ठेवलेल्या वस्तू सापडेनाशा झाल्या होत्या. गेल्या वर्षी त्या सेंटरात तिच्या मेंदूचं माप काढलं, यंदा पुन्हा काढलं. यंदाचं बरंच कमी भरलं. झालं! भावाने स्वयंपाकघराला कडी घातली. "माय, तू बस. तुना मेंदू बारीक व्हई ऱ्हायना," असं तो पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचा. आयुष्यभर घराला जेवू घालत आलेली बाई ओसरीवर बसून ताट यायची वाट बघायची.

वर्षभरात एवढा आटायला मेंदू म्हणजे काय वैशाखातलं तळं आहे? मी तडक जळगाव गाठलं.

मशीन खरं माप देतं की नाही हे बघायला पाण्याने भरलेला एक चेंडू असतो, त्याला आम्ही फँटम म्हणतो. त्याचा आकार पक्का ठाऊक असतो. अधूनमधून त्याचाच स्कॅन काढायचा आणि माप चुकलं तर मशीन दुरुस्त करायचं, इतकं साधं काम. मी विचारलं, "फँटम कुठाय?" तिथल्या टेक्निशियनने गणपतीच्या कोनाड्याकडे बोट दाखवलं. खंडेनवमीला मशीनबरोबर त्याचीही पूजा झाली होती. अंगावर हळदकुंकू, वाळका झेंडू, उदबत्तीची राख. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मालक डॉक्टर म्हणाले, "पूजेतली वस्तू आहे हो, अशी कशी उचलायची?"

मी उचलली. कुंकू पुसलं, चेंडू मशीनमध्ये ठेवायला लावला. चेंडूही बारीक भरला. म्हणजे आता चेंडूलाही विसर पडायला लागला म्हणायचं! डॉक्टर हसले. "थोडंफार मागेपुढे होतंच," म्हणाले. 

मी हटून बसलो, तेव्हा कुठे इंजिनियर येऊन मशीन ठीक करून गेला. भावासोबत आईला बोलावून तिचा स्कॅन पुन्हा काढला. माप जवळजवळ गेल्या वर्षीइतकंच निघालं. भावाने रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "मले काय ठाऊक," एवढं बोलला आणि घरी येऊन कडी काढली. तिची माफी मागावी असं त्याच्या मनातही आलं नाही.

मी आईला म्हणालो, "चल, तुझ्या हातचा चहा दे." ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

"भाऊले इचारी ले," ती हळूच म्हणाली, "मी गॅस पेटाडू का?"

भाऊ समोरच मोबाइल बघत बसला होता. त्याने मान हलवली, तेव्हाच तिने आत पाऊल टाकलं.